भिंग टांगायचं कशाला? एका रिकाम्या डोळ्याचं प्रकरण

शिवणकाम करणाऱ्या, ५२ वर्षांच्या एक बाई माझ्यासमोर उजवा डोळा मिटून बसल्या होत्या. डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता. "उघडा ठेवला की मध्ये मध्ये करतो," एवढंच म्हणाल्या.

अडीच वर्षांपूर्वी सामान बांधायचा ताणलेला रबरी दोर सुटून त्याचा लोखंडी आकडा त्या डोळ्यावर बसला होता. डोळा फुटला नाही. पण भिंगाला चहूबाजूंनी धरून ठेवणारे तंतू तुटले आणि भिंग पिशवीसकट मागच्या जेलीत जाऊन पडलं. दुसऱ्या एका सर्जनने तेव्हा जेली काढली, भिंग काढलं, रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, कडेला एक फाट होती तिच्याभोवती लेझर मारला, आणि नवीन भिंग न बसवता तो थांबला. घरच्यांचा त्याच्यावर राग होता. "काम अर्धवट सोडलं," मुलगी म्हणाली. माझं मत वेगळं आहे. मार बसून जेमतेम आठवडा झालेला, आत रक्त, डोळ्यातलं प्रेशर चढलेलं, समोरचा पारदर्शक कॉर्निया सुजलेला. अशा डोळ्यासाठी भिंगाचा नंबरही धड काढता येत नाही. न बसवणं हाही निर्णय असतो, आणि तो शहाणपणाचा होता. शिवाय त्याने टिपणं नीट लिहून ठेवली होती. मला पुढे त्यांचा फार उपयोग झाला.

भिंग नसलेल्या डोळ्याला ॲफेकिक डोळा म्हणतात. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायऑप्टर. त्यातली ४३ च्या आसपास समोरच्या पारदर्शक कॉर्नियाची, बाकीची भिंगाची. भिंग गेलं म्हणून डोळा आंधळा होत नाही. रेटिना असते, नस असते, फक्त प्रतिमा जुळायची ती रेटिनाच्या खूप मागे जुळते. बाईंना त्या डोळ्याने एक मीटरवरची बोटं मोजता येत होती, त्यापलीकडे नुसते रंगांचे ढग. समोर +१०.५० चं भिंग धरलं की तोच डोळा तक्त्यावरची ६/९ ची ओळ वाचत होता (६/६ म्हणजे पूर्ण दृष्टी).

"मग चष्माच द्या की," मुलगी म्हणाली. "ऑपरेशन कशाला?"

हा प्रश्न टाळून पुढे जाणारा सर्जन मला आवडत नाही. मी चाचणीच्या चौकटीत उजवीकडे +१०.५० आणि डावीकडे साधी काच घालून बाईंना दोन्ही डोळे उघडायला सांगितले. त्यांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं आणि लगेच चौकट काढून ठेवली. एक मूठ नेहमीची, दुसरी तिच्याहून मोठी, एकमेकींवर न बसणारी. एवढ्या नंबराचा चष्मा प्रतिमा २५ ते ३० टक्क्यांनी मोठी करतो, आणि दोन डोळ्यांच्या प्रतिमांत साधारण ५ टक्क्यांपर्यंतचाच फरक मेंदू सांभाळून घेतो. दोन्ही डोळ्यांची भिंगं गेलेली असती तर चष्म्यावर निभावलं असतं. एका काळी लाखो माणसांनी तसं निभावलंही, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा लावून. त्या काचांच्या कडेला दृष्टीत एक कंकणाकृती पोकळी पडते. त्यामुळे चालताना बाजूची माणसं, दाराची चौकट एकदम कुठूनतरी उगवतात. पण दोन्ही प्रतिमा सारख्याच मोठ्या असल्यामुळे मेंदू जुळवून घेतो. एक डोळा चांगला असला की तोच चष्मा निरुपयोगी. चांगला डोळाच अडचण होतो, हे घरच्यांना पटवायला वेळ लागतो.

कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियावरच बसते, त्यामुळे प्रतिमा फार तर ७-८ टक्के फुगते. (चष्म्यात +१०.५० असलेला नंबर कॉर्नियावर आणला की +१२ होतो, हा हिशेब नवशिक्या मुलांकडून हमखास राहतो.) बाईंनी लेन्स तीन महिने वापरून पाहिली होती. एका डोळ्याने नीट दिसत नसताना त्याच डोळ्यात लेन्स घालायची, दिवसभर कापडाचे तंतू उडणाऱ्या खोलीत बसायचं, आणि डोळे मुळात कोरडे. एकदा डोळा लाल होऊन सुजला तेव्हापासून त्यांनी डबी बंद केली ती केलीच.

लेन्सचा एक उपयोग मात्र मी सोडला नाही. बाईंचा उजवा डोळा किंचित बाहेर वळायला लागला होता. मोठ्या माणसाचा एक डोळा फार काळ धूसर राहिला तर दोन प्रतिमा एकत्र करण्याची मेंदूची सवय कधीकधी मोडते. मग आत कितीही सुरेख भिंग बसवा, रुग्णाला कायमचं दोन दोन दिसतं, आणि त्यावर धड इलाज नसतो. म्हणून दवाखान्यातच तासभर +१२ ची लेन्स घालून बसवलं. पहिली दहा मिनिटं समोरचा दिवा दोन दिसत होता, नंतर एक झाला आणि एकच राहिला. अडीच वर्षांत मेंदू विसरला नव्हता. एका डोळ्याच्या जुन्या ॲफेकियात ही चाचणी केल्याशिवाय शस्त्रक्रियेला हात घालू नये असं माझं ठाम मत आहे. खर्च शून्य, वेळ एक तास, आणि तरी ती पुष्कळदा राहून जाते.

'कशाला' हा शब्द दोन प्रश्न विचारतो. मुलीचा प्रश्न हेतूचा होता. त्याचं उत्तर मिळालं. माझा प्रश्न जागेचा होता: या डोळ्यात भिंग टांगायचं कशाला?

साध्या मोतीबिंदूत हा प्रश्नच येत नाही. गढूळ झालेलं भिंग आतून पोखरून काढतात, त्याची पातळ पिशवी जागेवर राहू देतात आणि कृत्रिम भिंग त्या पिशवीत ठेवतात. ब्रिटिश नेत्रसर्जन हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पहिलं कृत्रिम भिंग ठेवलं, तेही आयरिसच्या, म्हणजे बुबुळाच्या रंगीत पडद्याच्या, मागे, पिशवीच्या उरलेल्या पडद्यावर टेकवून. लढाऊ विमानांच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत काही त्रास न देता पडून राहतात, हे त्यांनी युद्धकाळात पाहिलं होतं. त्यांच्या पहिल्या रुग्णाला शेवटी -१८ चा चष्मा लागला. नंबराचं गणित साफ चुकलं होतं, पण जागा बरोबर होती. नंतर अनेकांनी सोपी म्हणून आयरिसच्या पुढची जागा धरली, आणि त्या काळच्या ओबडधोबड भिंगांनी कित्येक कॉर्निया घालवले. गणित पुढे सुधारत गेलं. जागेबद्दलचा वाद मात्र, पिशवी नसलेल्या डोळ्यांपुरता, अजून चालू आहे.

बाईंच्या डोळ्यात पिशवी नव्हती. तिची कडसुद्धा नव्हती. तेव्हा पुढून मागे जात काय शिल्लक आहे ते पाहायला घेतलं.

कॉर्निया स्वच्छ होता. त्याच्या आतल्या थरात पाणी उपसत राहणाऱ्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. उजवीकडे त्यांची मोजणी आली दर चौरस मिलिमीटरला १७२०, डावीकडे २४८०. मार आणि पहिली शस्त्रक्रिया यांनी मिळून एवढ्या खाल्ल्या होत्या. ही संख्या ५०० च्या आसपास आली की कॉर्निया सुजून पांढरा होण्याचा धोका असतो. म्हणजे अजून बरंच अंतर होतं, पण उधळायला नव्हतं.

डोळा म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर आयरिस १ ते ३ वाजण्याच्या जागी मुळापासून सुटला होता. बाहुली साडेसहा मिलिमीटर, लंबुळकी, प्रकाशाला न बधणारी. आरशाच्या भिंगातून कोन, म्हणजे कॉर्निया आणि आयरिस जिथे मिळतात ती खाच, पाहिला तर जवळपास पाच तासांच्या पट्ट्यात तो मागे फाटलेला. डोळ्यातलं पाणी याच कोनातून बाहेर जातं, म्हणून अशा डोळ्यावर काचबिंदूची टांगती तलवार आयुष्यभर असते. काचबिंदूच्या औषधाचा एक थेंब चालू असताना प्रेशर १९ होतं.

मागे रेटिना चिकटून बसलेली, लेझरच्या खुणा पक्क्या, मधला भाग ओसीटीवर, म्हणजे रेटिनाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर, सपाट आणि निरोगी. डोळ्याचा पांढरा भाग, स्क्लेरा, जाड आणि धडधाकट. कॉर्नियाची आडवी रुंदी ११.८ मिलिमीटर. हा आकडा आत्ता बिनमहत्त्वाचा वाटेल, पण निर्णयात त्याचा वाटा होता.

पर्याय चार-पाच असतात आणि प्रत्येकाचे भक्त असतात. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीने २००३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये या सगळ्या पद्धतींचा उपलब्ध पुरावा तपासला आणि दोन्ही वेळा निष्कर्ष जवळपास तोच निघाला: अमुक पद्धत दुसरीपेक्षा सरस आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही. सभांमधून तावातावाने होणारे वाद ऐकले की हे आठवतं. पद्धती सरासरीने सारख्या असतील, पण समोरचा डोळा काही सरासरीचा नसतो.

आयरिसच्या पुढे, कोनात टेकवायचं भिंग. बसवायला सगळ्यात सोपं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. १९८० च्या दशकात ज्या बंद कड्यांच्या भिंगांनी या जागेचं नाव खराब केलं ती केव्हाच बाद झाली. आजची उघड्या, लवचीक पायांची भिंगं पुष्कळ बरी आहेत. पण त्यांचे पाय टेकतात कोनात, आणि बाईंचा कोन फाटलेला. वर १७२० पेशी आणि पुढची तीसेक वर्षं. हा पर्याय मी पहिल्या पाच मिनिटांतच बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय आयरिस-क्लॉ भिंगाचा. नेदरलँड्सच्या यान वोर्स्ट यांनी १९७० च्या दशकात काढलेली युक्ती. भिंगाच्या दोन्ही टोकांना खेकड्याच्या नांगीसारखी फट असते. तिच्यात आयरिसची चिमूट ओढून अडकवायची. आता बरेच जण ते आयरिसच्या मागच्या बाजूने अडकवतात, म्हणजे कॉर्नियापासून लांब राहतं. मला ही पद्धत मनापासून आवडते. डोळ्याच्या भिंतीला भोक नाही, वेळ कमी, काढायची वेळ आली तर सुटतंही पटकन. भिंग कडक असल्यामुळे साडेपाच मिलिमीटरचा छेद लागतो आणि त्यातून सिलिंडरचा नंबर येतो, ही तिची किंमत. पण इथे मुळात आयरिसच जखमी. ३ वाजता, जिथे एक नांगी अडकवायची, नेमक्या तिथेच तो सुटलेला. फिरवून वर-खाली अडकवता आलं असतं, तरी आधीच पातळ झालेल्या पडद्यावर आयुष्यभराचं वजन टाकायचं मला धाडस झालं नाही. भिंग आयरिसला टाक्यांनी शिवायची पद्धतही याच कारणाने गेली.

उरला स्क्लेरा. इथे पुन्हा फाटे. जुनी रीत म्हणजे भिंगाच्या कडेला तारेसारखे दोन हात असतात, त्या दोन्ही हातांना बारीक पॉलिप्रॉपिलीनचा दोरा बांधून तो स्क्लेरातून बाहेर काढायचा. दहा-शून्य जाडीचा हा दोरा पाच-दहा वर्षांत झिजून तुटल्याची आणि भिंग एका बाजूला लटकल्याची उदाहरणं प्रत्येक सर्जनने पाहिली आहेत. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "मग जाड दोरा घ्या." अगदी तेच झालं आहे. काही जण नऊ-शून्य वापरतात (आकडा लहान तितका दोरा जाड), काही जण गोर-टेक्सचा दोरा, जो मुळात डोळ्यासाठी बनवलेला नाही पण टिकतो चांगला.

दोऱ्याशिवायच्या पद्धतींत भिंगाचे हातच स्क्लेरात रोवतात. चेन्नईच्या अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये स्क्लेराच्या पातळ झडपांखाली हात खोचून वर फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, गोंद लावायची पद्धत आणली. योकोहामाच्या शिन यामाने यांनी २०१७ मध्ये झडपाही नकोत आणि गोंदही नको असं दाखवलं. दोन बारीक सुयांच्या पोकळीतून भिंगाचे हात बाहेर काढायचे, त्यांची टोकं गरम करून गोळा करायची, आणि तो गोळा स्क्लेरातच दडपायचा. बटणाला मागून गाठ मारावी तसं. त्यांच्या १०० डोळ्यांच्या मालिकेत ८ डोळ्यांत भिंगाची कड आयरिसमध्ये अडकली होती. हा ८ चा आकडा मला तोंडपाठ होता. पुढे जे झालं ते वाचताना तो लक्षात ठेवा.

यामाने पद्धतीसाठी डोळा अवाढव्य नसावा लागतो, कारण तीन तुकड्यांचं (मधली चकती आणि दोन हात) नेहमीचं भिंग टोकापासून टोकापर्यंत १३ मिलिमीटर असतं आणि हात स्क्लेरातून बाहेर येण्याइतके लांब पुरायला हवेत. ११.८ च्या कॉर्नियाला ते आरामात पुरतात. स्क्लेरा चांगला, छेद पावणेतीन मिलिमीटरचा, स्क्लेरावरच्या पातळ त्वचेला जवळजवळ धक्का नाही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण उद्या काचबिंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर ती त्वचा कोरी हवी. निर्णय झाला.

याच बाईंच्या जागी दुसरा कोणी असता तर मी दुसरं काही केलं असतं. पिशवीची कड शाबूत असती तर भिंग सरळ तिच्यावर ठेवलं असतं, हा बाकी सगळा खटाटोप नकोच. ८५ वर्षांचे, जास्त वेळ आडवं पडू न शकणारे, निरोगी कोन आणि भरपूर पेशी असलेले आजोबा असते तर पुढचं भिंग बसवून पाव तासात मोकळं केलं असतं. आणि चार महिन्यांचं बाळ असतं, एका डोळ्याचा जन्मजात मोतीबिंदू काढलेलं, तर बहुधा काहीच न बसवता कॉन्टॅक्ट लेन्स दिली असती. अमेरिकेत ११४ तान्ह्या मुलांवर झालेल्या अभ्यासात साडेचार वर्षांच्या वयाला भिंग बसवलेल्या आणि लेन्स लावलेल्या डोळ्यांच्या दृष्टीत लक्षणीय फरक दिसला नाही, मात्र भिंग बसवलेल्यांना पुन्हा पुन्हा टेबलावर न्यावं लागलं. म्हणजे तिथे "ऑपरेशन कशाला" या प्रश्नाला उत्तर नसतं.

बाईंना मी जे सांगितलं ते थोडक्यात असं: ६/९ पेक्षा चांगलं दिसणार नाही, कारण त्याहून जास्त हा डोळा चाचणीतही वाचत नाही. चष्मा लागेल, पण पातळ. जवळचं काम करताना वेगळा नंबर लागेलच. रेटिना सुटणं, आत रक्त येणं, जंतुसंसर्ग, भिंग कलणं, यातलं काहीही होऊ शकतं. आणि हे न करता डोळा आहे तसा ठेवला तरी चालेल, त्याने डोळा खराब होणार नाही. त्यांनी एकच विचारलं: "सुईत दोरा ओवता येईल?" मी म्हटलं, "दोन डोळ्यांनी ओवता यावा यासाठीच करतोय, ताई. हमी देत नाही."

नंबर काढताना मशीनला डोळा ॲफेकिक आहे हे सांगावं लागतं, नाहीतर नसलेल्या भिंगातून ध्वनी गेला असं धरून ते लांबी चुकवतं. लांबी २३.४ मिलिमीटर आली. भिंग नेमकं किती खोल बसेल हे या पद्धतीत पिशवीइतकं पक्कं नसतं, म्हणून जाणूनबुजून -०.५० कडे झुकतं माप ठेवलं. थोडा उणे नंबर उरला तर शिवणकामाला तो सोयीचाच.

शस्त्रक्रियेत सगळ्यात आधी पाण्याची नळी बसवली. जेली काढलेला डोळा म्हणजे हवा कमी असलेला चेंडू, जरा दाबलं की चुरगळतो, आणि चुरगळलेल्या डोळ्यात सुईचा कोन राखता येत नाही. मागे जेलीचे काही धागे राहिले होते. ट्रायअमसिनोलोन नावाचं पांढरं औषध घालून ते पांढरे करून घेतले आणि साफ केले. ही साफसफाई कंटाळवाणी असते, पण भिंगाचा हात एका धाग्यात जरी गुंतला तरी तो धागा रेटिना ओढतो.

मग दोन खुणा, एकमेकींच्या बरोबर समोर, कॉर्नियाच्या कडेपासून दोन-दोन मिलिमीटर मागे. ३ आणि ९ चा नेमका बिंदू टाळला, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. ३० गेजची सुई स्क्लेरात तिरपी सरकवत आत नेली. भिंग छेदातून आत सोडलं, पुढचा हात पहिल्या सुईच्या पोकळीत घातला. इथवर सोपं. मागचा हात दुसऱ्या सुईत घालणं हीच या शस्त्रक्रियेची खरी परीक्षा. पहिली सुई सोडून दिलेली, ती लोंबते आहे, भिंग अधांतरी, आणि चिमट्यात धरलेलं केसाएवढं टोक तितक्याच बारीक नळीत घालायचं. शिवणाऱ्या बाईच्या डोळ्यात सुई ओवायला मला तीन प्रयत्न लागले. तिसऱ्या वेळी गेलं. दोन्ही सुया बरोबरच बाहेर ओढल्या, टोकं तापवून गोळे केले, स्क्लेरात दाबून बसवले. भिंग मध्यावर, सपाट.

त्यानंतर आयरिसचा सुटलेला भाग दोन टाक्यांनी मुळाशी जोडला आणि पुढच्या-मागच्या पाण्याचा दाब सारखा राहावा म्हणून त्याला कडेला एक बारीक छिद्र पाडलं. बाहुली आकसायचं औषध आत सोडलं. बाहुली पाच मिलिमीटरवर आली, बऱ्यापैकी गोल. बाहुली लहान करायचे टाके घालायचे ठरलेच होते. त्या क्षणी मी ते रद्द केले. आयरिसला आणखी छेडायला नको, वेळ बराच झालाय, पाच मिलिमीटर पुरे, असा विचार केला. ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी प्रेशर ८, आत थोडं रक्त तरंगत होतं, दृष्टी ६/३६. दोन आठवड्यांत रक्त विरलं, ६/१२. बाई खूश, मी जरा जास्तच खूश.

पाचव्या आठवड्यात त्या ठरलेल्या तारखेआधी आल्या. डोळा जड वाटतोय, दिव्याभोवती कडं दिसतंय. स्लिट लॅम्पखाली पाहिलं तर भिंगाची खालची कड आयरिसच्या पुढे येऊन बसली होती आणि आयरिस तिच्यामागे अडकला होता. प्रेशर २६. छिद्र उघडं होतं, म्हणजे दाबाचा फरक हे कारण नव्हतं. कारण बाहुली होती. टेबलावर जी पाच मिलिमीटर दिसली ती औषधाची करामत. बाहुली आकसवणारा स्नायू मारात कधीच फाटला होता, औषध उतरलं आणि बाहुली पुन्हा सहावर गेली. भिंगाचा मधला भाग सहाचाच. दार आणि माणूस सारख्याच मापाचे असले तर माणूस कधीतरी बाहेर येणारच.

बाहुली विस्फारून बाईंना उताणं झोपवलं, तासाभरात भिंग मागे गेलं. दहा दिवसांनी पुन्हा पुढे आलं. तेव्हा मी त्यांना बसवून घेतलं आणि काय झालं, का झालं, माझ्याकडून काय राहिलं ते सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गळा मोठा राहिला. मग कपडा खांद्यावरून उतरायचाच, डॉक्टर. त्यात कापडाचा काय दोष?" मुलगी इतकी उदार नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

दुसरी शस्त्रक्रिया वीस मिनिटांची झाली. दहा-शून्यच्या दोन सरकत्या गाठींनी बाहुली पावणेचार मिलिमीटरवर आणली. त्याहून लहान केली असती तर पुढे रेटिनाची कड तपासता आली नसती, आणि या डोळ्याची रेटिना जन्मभर तपासावी लागणार आहे. दिव्यांभोवतीचं कडं त्याच आठवड्यात गेलं. ज्या झगमगाटाबद्दल बाईंनी कधी तक्रारच केली नव्हती, तोही मारानंतर पहिल्यांदा कमी झाला.

दोन शस्त्रक्रियांचा हिशेब मात्र डोळ्याने मागितलाच. दीड महिन्याने रेटिनाच्या मध्यभागी किंचित सूज आली, दृष्टी ६/१८ वर उतरली. अशी सूज बहुतेकदा थेंबांनी ओसरते, पण त्यातले स्टेरॉइडचे थेंब प्रेशर वाढवतात, आणि हा कोन आधीच अधू. म्हणून स्टेरॉइड कमी ताकदीचं दिलं, जोडीला सूज उतरवणारे बिगर-स्टेरॉइड थेंब, आणि दर पंधरा दिवसांनी प्रेशर मोजलं. एकदा २४ पर्यंत गेलं, काचबिंदूचा दुसरा थेंब घालून खाली आणलं. सूज जायला अडीच महिने लागले.

वर्षाने आकडे असे: चष्म्याविना ६/१८, -०.७५ आणि सिलिंडर -१.२५ घातल्यावर ६/९. पेशी १५४०. प्रेशर १६, पुन्हा एकाच थेंबावर. डोळा सरळ, दोन्ही डोळ्यांची प्रतिमा एक, खोलीचा अंदाज १०० आर्कसेकंदांपर्यंत (हा आकडा जितका लहान तितकं चांगलं). भिंग अगदी थोडं कललेलं आहे, सिलिंडरचा काही भाग त्याचाच असावा. त्यासाठी पुन्हा आत जायचं मी सुचवलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

आता त्या सहा महिन्यांनी येतात. त्यांना खाली बघायला सांगून मी आधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात ते दोन गोळे शोधतो, त्वचेखालीच आहेत ना, कुठे टोक वर आलेलं नाही ना. उघडं पडलेलं टोक म्हणजे जंतूंना आत जायची वाट. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, हे टाचलेलं किती वर्षं धरेल. मी म्हटलं, पद्धत २०१७ सालची आहे, तिच्या वयापेक्षा जास्त वर्षांचं वचन मला देता येत नाही. त्यांनी मान हलवली, पिशवीतून सुई आणि काळा दोरा काढला आणि माझ्यासमोर ओवून दाखवला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा गेला. उजवा डोळा उघडाच होता.